मार्जरी फेल आणि एकट्याची सूट

२८ ऑगस्ट

आजच्या फेरीला नऊ माणसं. त्यातलं एक लहान पोरगं भुतांना घाबरायचं सोडून माझ्या झग्यालाच घाबरलं आणि रडून गोंधळ घातला. शेवटी टोपी फिरवली तर त्यात थोडी नाणी, एक परदेशी नाणं आणि एक बटण. बटण कोणाचं ते मला माहीत आहे. चेहरा लक्षात ठेवला आहे.

गेली अकरा वर्षं मी स्केलबरोमधली भुतं लोकांना दाखवतो. संध्याकाळी सातला बाजारचौकातून निघायचं, फाशीच्या गल्लीतून चर्चमागे, तिथून विहिरीवर, आणि शेवटी माझ्याच घरासमोर. तिथे मी कंदील खाली करून सतराव्या शतकातल्या मार्जरी फेलची गोष्ट सांगतो. नवरा समुद्रावरून परत येईल म्हणून ती रोज खिडकीत मेणबत्ती घेऊन उभी राहायची. गोष्ट संपते न संपते तोच वरच्या खिडकीत करड्या पोशाखातली बाई मेणबत्ती घेऊन दिसते आणि फुंकर मारून नाहीशी होते. लोक एकमेकांचे दंड धरतात. तेवढ्यात मी टोपी काढतो.

ती बाई म्हणजे ग्लेंडा. कोपऱ्यावरच्या खाटकाच्या दुकानावर राहते, पूर्वी पडद्यांच्या दुकानात शिवणकाम करायची, ते दुकान वसंतात बंद पडलं. सहाच्या सुमारास येते, सूप गरम करते, पोशाख चढवते, आणि खिडकीतलं काम झालं की शेकोटीपाशी बसते, कारण तिच्या खोलीला ओल आहे. मोबदला म्हणून दर शुक्रवारी मासे आणि बटाट्याचे काप माझ्याकडून. चोख व्यवहार आहे.

मार्जरी फेल नावाची कोणी बाई कधी नव्हती. एका ईस्टरला पाऊस लागला होता तेव्हा मी तिला बाथटबमध्ये पडल्या पडल्या रचली. हे मला आणि ग्लेंडाला सोडून कोणालाही ठाऊक नाही.

आज ग्लेंडा म्हणाली, "क्लाइव्ह, हल्ली मी येईपर्यंत तू शेकोटी पेटवत नाहीस. कौन्सिलकडे मदतीचा अर्ज कर. भाड्यालाही मिळते, घरपट्टीलाही."

मी म्हणालो, "पिकर्सगिल घराण्यात आजवर कोणी कौन्सिलपुढे हात पसरलेला नाही."

"तुमच्या घराण्यात एकोणसाठाव्या वर्षी काळा झगा घालून कोणी गल्लीबोळांत हिंडलंही नव्हतं."

पण तिचं एक खरं आहे. हे घर सुटलं तर खिडकी सुटेल, खिडकी सुटली तर मार्जरी, आणि मार्जरीशिवाय माझी फेरी म्हणजे चार ओल्या भिंतींना घातलेली प्रदक्षिणा. घर टिकवलं पाहिजे.

३ सप्टेंबर

कौन्सिलमध्ये गेलो. ग्लेंडा बरोबर आली, मी मधूनच पळून जाईन म्हणून. खिडकीपलीकडे अदेयेमी नावाच्या बाई. चष्मा नाकाच्या टोकावर आणि चेहऱ्यावर हसू नावाला नाही.

"स्वतःचा धंदा. उत्पन्न कसं येतं?"

"टोपीत."

"खर्च?"

मी यादी वाचली. कंदिलाचं तेल, झगा, घशाच्या गोळ्या, कावळा.

"कावळा जिवंत आहे?"

"पेंढा भरलेला आहे."

"म्हणजे त्याला खायला लागत नाही. झगा धंद्याशिवाय कुठे घालता?"

"थंडी फार पडली तर झोपताना."

त्यांनी काहीतरी खोडलं. मी एकटाच राहतो, म्हणून मला घरपट्टीत एकट्याची सूट आहे, पाव भाग माफ. ती तशीच राहील, आणि उरलेल्या तीन भागांसाठी मदत मिळेल की नाही ते कळवू, असं म्हणाल्या.

तेवढ्यात मागच्या रांगेत डंकन क्रेक दिसला. हाही भुतांच्या फेऱ्या काढतो. फरक इतकाच, की त्याची भुतं स्वस्त असतात, साखळदंड वाजवणारी. मला पाहून म्हणाला, "काय पिकर्सगिल, भुतांनी जेवायला घालणं बंद केलं वाटतं?"

"आणि तू कशाला आलास?"

"पार्किंगचा पास."

त्याला दोन शब्द सुनावून वळलो, तर ग्लेंडा अदेयेमीबाईंना विचारत होती, एकट्या माणसाच्या घरी कोणी शिकणारं माणूस राहायला आलं तर त्याची सूट जाते का. बाईंनी बरंच काही सांगितलं. माझं लक्ष डंकनकडे होतं. बायकांना नको त्या चौकशा करायची हौसच असते.

बाहेर आल्यावर ग्लेंडा म्हणाली, "पार्किंगचा पास म्हणे. त्याच्याकडे गाडी कुठेय?"

९ सप्टेंबर

ग्लेंडाने कॉलेजात नाव घातलं. छप्पन्नाव्या वर्षी! जुन्या खुर्च्यांना गाद्या बसवायचं शिकणार आहे. मी म्हणालो, अगं, आठवड्यातून दोन दिवस जा की, अर्धवेळ असतो ना असला अभ्यासक्रम. तर म्हणाली, "अर्धवेळाने काम होत नाही. पूर्णवेळच हवा. चौकशी करूनच घेतलाय."

एवढी कसली ओढ खुर्च्यांची, कोण जाणे. संध्याकाळी मात्र वेळेवर आली आणि खिडकीत छान उभी राहिली. आज एका बाईने पायरीवर बसकणच मारली.

१९ सप्टेंबर

खाटीक दुकान विकतोय. वरची खोलीही त्यातच गेली. ग्लेंडाला नाताळपर्यंत जागा सोडायची आहे. सूप ढवळता ढवळता तिने हे सांगितलं आणि मग बराच वेळ नुसतीच ढवळत राहिली. मला तिची काळजी वाटली म्हणून मी लगेच तोडगा सुचवला. तिची बहीण फ्लीटवूडला असते, तिथे मोकळी खोली आहे, आणि समुद्राची हवा गुडघ्यांना चांगली.

"फ्लीटवूडला," ती म्हणाली.

"हो. मग मार्जरीसाठी मला दुसरी बाई बघावी लागेल, पण तू माझा विचार करू नकोस."

"नाही करत," म्हणाली आणि भांडं शेगडीवर आपटलं. हल्ली भांडी फार आपटते. कॉलेजचा ताण असणार.

२ ऑक्टोबर

कौन्सिलचं पत्र आलं. दोनदा वाचलं, मग उभ्यानेच तिसऱ्यांदा वाचलं.

आमच्याकडे आलेल्या माहितीनुसार आपल्या घरात मार्जरी फेल नावाची प्रौढ स्त्री वास्तव्यास असून ती रोज सायंकाळी वरच्या मजल्यावरील खिडकीत दिसते. सबब एकट्याची सूट आणि मदतीचा अर्ज, दोन्हींचा निर्णय स्थगित. सदर व्यक्ती घर सोडून गेली असल्यास तारीख व नवा पत्ता कळवावा. मृत झाली असल्यास पुरावा जोडावा.

माहिती कुठून आली तेही खाली दिलं होतं. माझ्याच पत्रकातून. 'तुमच्या वाटाड्याच्या स्वतःच्या घरात मार्जरी फेल आजही राहते.' मीच लिहिलं होतं, आणि 'आजही'खाली रेघ मारली होती. शिवाय कोणीतरी फोन करून खिडकीचं सांगितलं. कोणी ते मला माहीत आहे. त्याच्याकडे गाडी नाही.

६ ऑक्टोबर

आता सोपा मार्ग काय? लिहून द्यायचं, की मार्जरी मी बाथटबमध्ये रचली. पण माझ्या दारावरची ती पाटी? तीन वर्षांपूर्वी याच कौन्सिलच्या वारसा खात्याने माझ्या भिंतीवर गोल निळी पाटी लावली. 'मार्जरी फेल, खलाशाची पत्नी, या घरात राहिली आणि वाट पाहत राहिली.' महापौर आले होते, काकडीची सँडविचं होती. पाटीचं कापड ओढल्यावर मी भाषण केलं, डोळ्यांत पाणी आणून. वारसा खातं वरच्या मजल्यावर, घरपट्टी खातं खालच्या. वरच्यांनी पाटी लावली आणि खालच्यांनी ती वाचली.

ती नव्हतीच म्हटलं तर मी कौन्सिलला फसवलं, पाटी उतरणार आणि उद्या डंकन आपल्या फेरीत माझ्यावर गाणं रचणार. आहे म्हटलं तर सूट गेली, मदत गेली, घर गेलं. मेली म्हटलं तर पुरावा आणायचा. जी कधी जन्मलीच नाही तिच्या मरणाचा पुरावा आणू कुठून?

सकाळी दफनभूमीत जाऊन गवत बाजूला करत फिरलो. फेल आडनावाचा एक सापडला, पण तो पुरुष होता आणि डुकरांचा व्यापारी. त्याच्या थडग्यावर बसून चीजचं सँडविच खाल्लं आणि परत आलो.

१० ऑक्टोबर

नीट विचार केला. चौकशीला कोणीतरी घरी येणार. घरात बाई दिसून चालणार नाही. म्हणून ग्लेंडाला सांगितलं, की हे निस्तरेपर्यंत तू येऊ नकोस.

"म्हणजे मी नाहीच असं दाखवायचं?"

"अगं, तू नाहीसच. म्हणजे इथे राहत नाहीस. खरं तेच दाखवायचंय."

तिने करडा पोशाख हँगरला लावला, बाह्या सारख्या केल्या आणि कोट घालून निघाली. दारात थांबून म्हणाली, "सूप फडताळात आहे. चार दिवस पुरेल. मिरी घालू नकोस, तुला खोकला येतो."

समजूतदार बाई आहे.

१५ ऑक्टोबर

ग्लेंडाच्या जागी कापड दुकानातला जुना पुतळा उभा केला. पोशाख चढवला, हातात बॅटरीची मेणबत्ती दिली, दोरी दारापर्यंत आणली. गोष्ट रंगली, लोक श्वास रोखून उभे. दोरी ओढली. मार्जरी पुढे आली, जरा जास्तच पुढे आली, आणि तिचं डोकं खिडकीतून निघून खालच्या जिरेनियमच्या कुंडीत पडलं.

एक म्हातारी टाळ्या वाजवत म्हणाली, अशी भारी फेरी आयुष्यात पाहिली नाही. टोपीत बऱ्यापैकी पडलं, पण ते भीतीचं नव्हतं, करमणुकीचं होतं. मला फरक कळतो.

सूप संपलं. मी केलेल्या सुपाला चव नाही. मिरी घातली. खोकला आला.

२२ ऑक्टोबर

अदेयेमीबाई स्वतः आल्या. दारातली पाटी त्यांनी वाचली, मग पुन्हा वाचली, आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"बसा," मी म्हणालो.

"आधी वर जाऊ."

वरच्या खोलीत खिडकीपाशी लोकरीच्या सपाता होत्या. त्या उचलायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. सहा वर्षं तिथेच असतात, दिसेनाशाच झाल्या होत्या मला.

"ह्या कोणाच्या?"

माझ्या तोंडातून निघून गेलं, "मार्जरीच्या."

त्यांनी सपाता उलट्या करून पाहिल्या. "सतराव्या शतकात रबरी तळ?"

मग त्यांना शेल्फवरचा वाचायचा चष्मा दिसला, रक्तदाबाच्या गोळ्या दिसल्या, आणि अर्धवट शिवलेली एक गादी. ती ग्लेंडाने कॉलेजातून आणली होती, माझ्या खुर्चीच्या मापाची. "मार्जरीबाईंना रक्तदाबही होता वाटतं," त्या म्हणाल्या.

शेवटी मी सगळं ओकून टाकलं. बाथटब, ईस्टर, ग्लेंडा, शुक्रवारचे मासे. त्यांनी खुर्ची ओढली आणि कागद पुढे घेतला.

"या ग्लेंडाबाई इथे राहतात का, ते मला ठरवायचंय. जेवण एकत्र?"

"मी जेवतो, आणि ती समोर बसून जेवते. एकत्र नाही म्हणता येणार."

"कपडे कोण धुतं?"

"ज्याचे त्याने. झगा तेवढा ती धुते, मी धुतला की आटतो."

"आजारी पडलात तर कोणाला फोन करता?"

"ग्लेंडाला. पण करायची वेळ येत नाही. तोवर ती आलेली असते."

"कधी सुट्टीला गेलात बरोबर?"

"एकदा व्हिटबीला. दोन वेगळ्या खोल्या. तिच्या खोलीचं छत गळत होतं, म्हणून मी माझी तिला दिली आणि तिच्या खोलीत छत्री उघडून झोपलो."

"शेजारी तुम्हाला जोडपं समजतात का?"

"शेजारी मूर्ख आहेत."

बाईंनी लिहिणं थांबवलं. माझ्याकडे बघत राहिल्या. माझ्या कॉलरला काही लागलंय का म्हणून मी पाहिलं, पण काही नव्हतं.

"रात्री कुठे झोपतात त्या?"

"आपल्या घरी. रोज मी कोपऱ्यापर्यंत सोडायला जातो, दिवा लागेपर्यंत थांबतो आणि परत येतो."

"मिस्टर पिकर्सगिल," त्या म्हणाल्या, "कायद्याने तुम्ही एकटे राहता."

"तेच तर मी म्हणतोय."

"हो. आता तुमचं अभिनंदन करायचं की काय करायचं, ते मला कळत नाहीये."

विचित्र बाई. सरकारी नोकरीने होतं असं माणसाचं.

४ नोव्हेंबर

जिंकलो. एकट्याची सूट कायम, घरपट्टीला मदत मंजूर, भाड्याच्या मदतीचंही तिकडच्या खात्याकडून होकारार्थी आलं. मार्जरीबद्दल अदेयेमीबाईंनी एकच ओळ लिहिली आहे: 'या नावाची, घरपट्टीसाठी मोजण्याजोगी कोणतीही प्रौढ व्यक्ती सदर घरात राहत नाही.' शब्द पाहा. होती म्हणणाऱ्यालाही खरं, नव्हती म्हणणाऱ्यालाही खरं. पाटीला धक्का नाही. बाईंनी भुतांच्या फेऱ्या काढायला हव्यात.

शेकोटी दुपारीच पेटवली. शुक्रवार नव्हता तरी मासे आणि काप आणले. घरी येऊन पुडी सोडली तर दोघांचे. सवयीने मागितले असणार. दुसरी पुडी तशीच ठेवली, मग गार झाल्यावर खाल्ली. वाया कशाला घालवायचे.

७ नोव्हेंबर

ग्लेंडाला निरोप धाडला, की चौकशी संपली, आता यायला हरकत नाही. तिचं उत्तर आलं की परीक्षेची गडबड आहे. गाद्यांची परीक्षा काय असते?

१७ नोव्हेंबर

ग्लेंडा आली. कोट काढला नाही. सपाता, चष्मा आणि गोळ्या पिशवीत भरल्या. मी निरोपाबरोबर पाठवलेली गादी तेवढी खुर्चीवर ठेवली. पुरी केली होती.

"शनिवारी चाललेय फ्लीटवूडला, बावीसला नाही, त्यापुढच्या. तिथलं कॉलेज मला घेतंय."

"बरं झालं," मी म्हणालो. "हवा चांगली आहे तिथली."

"तू सांगितलं आहेस हवेचं."

मी म्हणालो, आता मला सूट मिळालीच आहे, मदतही, म्हणजे काळजी करू नकोस. ती म्हणाली, "तुझी सूट तुला लखलाभ." दार मात्र हळूच लावलं. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

गादी छान झाली आहे. बसवत नाही तिच्यावर.

२० नोव्हेंबर

सगळं माझ्या मनासारखं झालं आहे. घर राहिलं, पाटी राहिली, मान राहिली. तरी वर गेलो की खिडकीपाशी, जिथे सपाता असायच्या, तिथे पाय जपून टाकतो. त्या नाहीत हे पायाला अजून समजलेलं नाही.

२७ नोव्हेंबर

आज पुतळाही लावला नाही. थंडी कडक, माणसं बारा. घरासमोर येऊन मार्जरीची गोष्ट सांगितली आणि सगळ्यांनी वर पाहिलं. खिडकी काळीठिक्कर.

एक बाई म्हणाली, "दिसत नाही ती. राहत नाही का आता इथे?"

मी काही ठरवून बोललो नाही. तोंडातून आलं, "नाही. गेली. इतकी वर्षं वाट पाहिली तिने, पण ज्याची पाहत होती त्या गाढवाला कळलंच नाही, म्हणून गेली." कंदील खाली ठेवून मी नाक पुसत उभा राहिलो. लोकांनी मुकाट्याने टोपी स्वतःच फिरवली. आजवर इतकी कधी भरली नव्हती. भूत दाखवल्यापेक्षा भूत गेल्याचं सांगितलं तर लोक जास्त देतात, हे धंद्याच्या दृष्टीने टिपून ठेवण्यासारखं आहे.

पण खरं ते लिहितो, इथे कोण वाचतंय. मला ग्लेंडा हवी आहे. खिडकीत नको, खाली शेकोटीपाशी हवी आहे, आणि कोपऱ्यापर्यंत सोडायला जायला नको आहे मला. सूट जाईल तर जाऊ दे. पाव भागासाठी मी माणूस घालवून बसलो.

परवा शनिवार.

२८ नोव्हेंबर

नियम असा आहे, की घरातली परिस्थिती बदलली तर लगेच कळवायची. म्हणून सकाळी दार उघडल्या उघडल्या कौन्सिलमध्ये हजर. अदेयेमीबाई खिडकीत. माझ्या मागे रांगेत, दुसरं कोण असणार, डंकन.

"बदल कळवायचाय," मी म्हणालो. "माझ्या घरात एक बाई राहायला येतेय."

"मार्जरी?"

"ग्लेंडा."

बाईंनी पेन उचललं. "पोटभाडेकरू की जोडीदार?"

हे असं विचारतील हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मी म्हणालो, "पोटभाडेकरू."

बाई लिहीनात. पेन तसंच वर धरून बसल्या.

मागून डंकन म्हणाला, "अरे, सांगून टाक एकदाचं. अख्ख्या स्केलबरोला माहितीये. तुला सांगायला आता पत्र पाठवायचं का कौन्सिलने?"

"तू मध्ये बोलू नकोस. तुझा पास निघाला का?"

"कसला पास? मीही मदतीलाच आलोय, तिसऱ्यांदा. तुझ्या त्या बिनडोक्याच्या पुतळीने माझी गिऱ्हाइकं पळवली. सांग आता."

मी खिडकीकडे वळलो. "जोडीदार," म्हणालो. आवाज जरा मोठाच निघाला. फेरीची सवय.

"त्यांना विचारलंत?"

"आधी म्हटलं तुम्हाला कळवावं. नियम आहे."

अदेयेमीबाईंनी चष्मा काढला आणि पुसला. हसू आलं होतं की काय देव जाणे. "मदतीचा हिशोब आता दोघांचा मिळून पुन्हा करावा लागेल. एकट्याची सूट मात्र राहील."

"कशी राहील? दोघं झालो ना आम्ही."

"त्या पूर्णवेळ शिकतात. पूर्णवेळ शिकणारं माणूस घरपट्टीसाठी मोजत नाहीत. अर्धवेळ असत्या तर गेली असती. सप्टेंबरमध्ये तुमच्या शेजारी उभ्या राहूनच विचारून गेल्या की त्या. तुम्ही भांडत होतात."

मी म्हणालो, सप्टेंबरमध्ये त्यांना काय पडलं होतं, तेव्हा तर खोलीही सुटली नव्हती. बाई म्हणाल्या, "पुढचे."

३० नोव्हेंबर

काल घडलेलं आज लिहितोय, काल हात मोकळे नव्हते.

खाटकाच्या दुकानावर गेलो तेव्हा ग्लेंडा खोक्यांच्या मधोमध, कोट घालून बसली होती. मी दारातच उभा राहून सांगितलं, की मी कौन्सिलमध्ये जाऊन कळवून आलोय, तू माझी जोडीदार आहेस, त्यामुळे आता नाही म्हणू नकोस, पुन्हा अर्ज करावा लागेल.

तिने कोटाची बटणं सोडली. मग म्हणाली, "मला सोडून सगळ्यांना सांगून आलास."

"डंकनसुद्धा होता."

"क्लाइव्ह."

"काय?"

"आता मला सांग."

मी सांगितलं. काय सांगितलं ते इथे लिहीत नाही. दोन वाक्यं होती, आणि त्यात भुतं नव्हती.

तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "ते खोकं उचल, त्यात भांडी आहेत." गाडी किती वाजताची होती, तिकीट परत करून पैसे मिळतात का, म्हणून विचारलं. तिकीट काढायचं राहूनच गेलं होतं म्हणाली. इतकी व्यवस्थित बाई, आणि तिकीट विसरते. सूट राहणार आहे हेही तिला मोठ्या आनंदाने सांगितलं, तर नुसतं "असं?" म्हणाली. तिला फारसं आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. कायद्यातलं तिला कळत नाही, त्यामुळे असेल.

खोकी आणायला डंकनने हात लावला, आणि जाताना आमच्यासाठी आणलेल्या मासे-कापांच्या दोन पुड्यांपैकी एक उचलून नेली.

संध्याकाळचे सहा वाजलेत. खाली मी एकटाच गादीवर बसून लिहितोय. ग्लेंडा मोजायची नाही, मार्जरी मोजण्याजोगी नाही. सरकारी कागदावर या घरात मी अजूनही एकटाच राहतो.

वरच्या मजल्यावर पावलं वाजताहेत, रबरी तळाच्या सपातांची.